रिपोर्ट आपला, मर्जीही आपली

आरोग्याच्या या पानावर आम्ही एरवी साखर, रक्तदाब, लसीकरण असे विषय घेतो. या वेळी आधी आमची एक चूक कबूल करायची आहे. ती केली तेव्हा चूक वाटली नव्हती, उलट चांगलं काम केल्याचं समाधान वाटलं होतं. म्हणूनच ती लिहून ठेवणं गरजेचं आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या वस्तीतला एक तरुण फाउंड्रीत मोल्डिंगच्या कामाला होता. दोन महिने खोकला जाईना, वजन उतरत चाललं. बेडका तपासला तर टीबी निघाला. सरकारी औषधं मोफत मिळाली, पण रोजंदारी बुडाली होती आणि घरात अंडी-दुधालाही पैसे नव्हते. त्याच्या आईने विहारात येऊन सांगितलं. आमच्यातल्या एकाने लगेच त्याच्या रिपोर्टचा फोटो काढला आणि विहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वर नाव, वय, गल्ली, खाली मदतीचं आवाहन. संध्याकाळपर्यंत सात हजारांवर रक्कम जमली. आम्ही सगळ्यांनी एकमेकांना हात जोडलेल्या खुणा पाठवल्या.

तो फोटो मात्र ग्रुपमध्ये थांबला नाही. कुणीतरी चांगल्या मनानेच पुढे पाठवला. तिथून तो ठेकेदाराच्या माणसापर्यंत गेला. 'पूर्ण बरा झाल्यावर ये' असा निरोप आला. घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली. बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू होती, ती मंडळी पुन्हा आलीच नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या पोराने दवाखान्यात जायचं सोडलं. तिथे रांगेत उभं राहिलं की सगळे बघतात, म्हणाला. तीन आठवडे औषध चुकलं. आशाताईंच्या लक्षात आलं म्हणून कळलं, नाहीतर कळलंही नसतं.

आम्ही दोघंतिघं त्याच्या घरी गेलो. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, पैसं मागायला माझं नाव कशाला लागत हुतं?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. त्याने पुन्हा औषध सुरू केलं, कोर्स पुरा केला, आज तो कामावर आहे. हे सगळं त्याला विचारून, त्याला वाचून दाखवून, नाव-गल्ली वगळून लिहितो आहोत.

दोष फोनचा नाही

यावर काहीजण म्हणतील, 'हे मोबाईलचं खूळच वाईट.' आम्हाला ते पटत नाही. त्याच मोबाईलवरून आपण रक्तदाता शोधतो, सीपीआरमध्ये कोणत्या दिवशी कोणती ओपीडी असते ते विचारतो, गावाकडच्या आईची साखर किती आली ते बघतो. मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं म्हणून कुणी रंकाळ्याला दोन फेऱ्या जास्त मारत असेल तर आनंदच आहे.

'आमच्याकडे लपवायला काय आहे?' असंही बरेचजण विचारतात. ज्याची नोकरी पक्की, घर स्वतःचं आणि आडनाव ऐकून कुणी भुवया उंचावत नाही, त्याला हे बोलणं परवडतं. आपल्या वस्तीत खोली मिळवतानाच आधी आडनाव विचारतात. त्यात आजाराचं नाव जोडलं की दार बंद करायला दोन कारणं मिळतात. रोजंदारीवरच्या माणसाला रजा नसते, त्याला थेट काढूनच टाकतात. म्हणून खासगीपणा हा बंगल्यात राहणाऱ्यांचा चोचला नाही. तो आपल्यालाच जास्त लागतो.

आपल्या आज्यापणज्यांची हजेरी

आपल्यावर नजर ठेवली जाणं ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. त्या माणसांनी रोज पाटलाकडे किंवा चौकीत जाऊन हजेरी द्यायची. गुन्हा केलेला नसला तरी द्यायची. कुठे निघालास, कुठे मुक्काम केलास, सगळं सांगायचं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानातली ही हजेरी बंद केली. पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, सरकारी दवाखान्यांत अस्पृश्य रुग्णांनाही इतरांसारखीच वागणूक द्यावी असा हुकूम काढला. संस्थानाबाहेर तो कायदा मात्र राहिला आणि स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला.

बाबासाहेबांनीही हा धोका ओळखला होता. १९४७ साली संविधान सभेसाठी त्यांनी जे निवेदन तयार केलं, जे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' म्हणून आपल्याला माहीत आहे, त्यात एक कलम असं होतं की लोकांचा देह, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची वाजवी कारणाशिवाय झडती किंवा जप्ती होता कामा नये. ते कलम संविधानाच्या अंतिम मसुद्यात आलं नाही. पुढे सत्तर वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि तो कलम २१ मधल्या जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच आहे. बाबासाहेबांनी 'कागदपत्रं' म्हटलं होतं. आज आपला रक्ताचा रिपोर्ट, एक्स-रे, औषधाची चिठ्ठी हीच ती कागदपत्रं. फक्त ती आता ट्रंकेत नसतात, फोनमध्ये असतात.

कोल्हापूरचा एक उलटा अनुभव

मग कुणीच कुणावर नजर ठेवू नये का? तसंही नाही, आणि याचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे.

२००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली फक्त ८३९ होत्या. शाहूंच्या जिल्ह्याला मान खाली घालायला लावणारा हा आकडा. सोनोग्राफी करून गर्भ मुलीचा आहे हे सांगितलं जात होतं, पुढचं काम गुपचूप होत होतं. तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं उपकरण बसवण्याची मोहीम काढली. यंत्राच्या पडद्यावर काय पाहिलं त्याची नोंद हे उपकरण ठेवतं. प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीचा 'फॉर्म एफ' ऑनलाइन भरायचंही बंधन घातलं. रेडिओलॉजिस्टांची संघटना उच्च न्यायालयात गेली. रुग्णाच्या खासगीपणाचा भंग होतो, हा त्यांचा एक मुद्दा होता. २६ ऑगस्ट २०११ ला मुंबई उच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. उपकरणातली चित्रं ऑनलाइन कुठे पाठवली जात नाहीत, ती यंत्रापाशीच राहतात, हे न्यायालयाने लक्षात घेतलं.

आमच्या मते तो निकाल बरोबर होता. त्यातून आम्ही तीन प्रश्न शिकलो. नजर कुणावर आहे? कशासाठी आहे? आणि जमा झालेली माहिती कुठे राहते, कोण उघडू शकतं?

हजेरीत नजर दुबळ्यावर होती, कारण त्याची जात होती, आणि वही पोलिसांच्या हातात होती. सायलेंट ऑब्झर्व्हरमध्ये नजर यंत्रावर होती, म्हणजे ज्याच्या हातात ताकद त्याच्यावर. हेतू मुलींचा जीव वाचवणं हा होता. चित्रं यंत्रापाशीच होती. फॉर्म एफवर मात्र बाईचं नाव आणि तिला असलेली मुलं हेही असतं, म्हणून तो फॉर्म कोण उघडून बघतं यावर लक्ष हवंच.

टीबीचं तसंच. टीबीचा रुग्ण सापडला की डॉक्टरांनी सरकारला कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे, दवाखाना सरकारी असो की खासगी. हे योग्यच आहे. त्या नोंदीमुळे औषध चुकलं तर कुणीतरी विचारायला येतं. त्याच नोंदीवरून 'निक्षय पोषण' योजनेचे पैसेही मिळतात, जे आता महिन्याला १००० रुपये आहेत. म्हणजे त्या पोराचा आजार आरोग्य खात्याला कळायलाच हवा होता. ठेकेदाराला, घरमालकाला आणि एकशे ऐंशी माणसांच्या ग्रुपला कळायचं काहीच कारण नव्हतं. मोजणी हवी, पण चव्हाटा नको. जातनिहाय जनगणनेबद्दलही आपली मागणी नेमकी हीच असते. आकडे सगळ्यांसमोर यावेत, पण अमक्या घराने काय लिहून दिलं हे कुणाला दिसू नये. १९४८ चा जनगणना कायदाही प्रत्येकाची वैयक्तिक माहिती गुप्त ठेवायला सांगतो.

हेच तीन प्रश्न रोज विचारू

आता आपल्या रोजच्या व्यवहाराकडे येऊ.

मेडिकलच्या दुकानात गोळ्या घ्यायला गेलो की आधी मोबाईल नंबर विचारतात. आपण पाठ केलेल्या पाढ्यासारखा तो सांगून टाकतो. त्या नंबराखाली आपण कोणती गोळी किती दिवस घेतो हे सगळं साठत जातं. नंबर दिल्याशिवाय बिल होत नाही हे खरं नाही. दुकानदारांनी ग्राहकाकडे मोबाईल नंबरचा आग्रह धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये कळवलेलं आहे. 'नंबर नको, नुसतं बिल द्या' एवढं म्हणावं. राग न आणता म्हणावं, त्या काउंटरवरच्या पोराला तसं सांगितलेलं असतं.

चौदा एप्रिलला, सहा डिसेंबरला वस्तीत मोफत तपासणी शिबिरं होतात. चांगली गोष्ट आहे. पण कधीकधी टेबलावरच्या कागदावर नाव, पत्ता, नंबर, आधार असं सगळं लिहून घेतात आणि आठवड्याभराने विम्याचे फोन सुरू होतात. शिबिर घेणाऱ्या मंडळांना आमची विनंती आहे. बाहेरच्या संस्थेला बोलावताना आधी विचारा, हे कागद पुढे कुठे जाणार? रक्तदाब मोजायला आधार कार्ड लागत नाही.

'आभा' क्रमांकाबद्दल वाचक सारखे विचारतात. हा चौदा आकडी क्रमांक आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं, त्याचा तो भाग. वेगवेगळ्या दवाखान्यांतले आपले कागद एकत्र जोडता येतात. ज्यांना जुनाट आजार आहे, फायली सांभाळता येत नाहीत, त्यांना सोयीचा आहे. पण तो ऐच्छिक आहे. काढायचा तर समजून काढा, आणि कुणी आपले कागद बघायची परवानगी मागितली तर कोण, कशासाठी आणि किती दिवसांसाठी ते वाचून मगच होय म्हणा. मोठ्या दवाखान्यांचे संगणकही सुरक्षितच असतात असं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तिथली नोंदणी हाताने लिहून करावी लागली. म्हणून कागदाची फाईल फेकू नका. ट्रंकेत राहू द्या.

बायकांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. अनेक घरांत फोन एकच, तोही नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. बाईने दवाखान्यात तो नंबर दिला की तिचा रिपोर्ट, तिची पुढची तारीख, सगळं आधी दुसऱ्याच्या हातात जातं. पाळीच्या तारखा नोंदवणारी ॲप अलीकडे मुली वापरतात. त्या तारखा कॅलेंडरवर खूण करून किंवा वहीत लिहूनही ठेवता येतात, आणि वही कुणाला जाहिराती पाठवत नाही. आयाबहिणींनी हेही ध्यानात ठेवावं की गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याच्या सहीची अट कायद्यात नाही. आणि तिचं नाव उघड न करणं हे डॉक्टरवर बंधनकारक आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्याला शिक्षेची तरतूदही झाली आहे.

फोनवर आपण आजाराविषयी काही शोधलं की लगेच त्याच आजाराच्या जाहिराती यायला लागतात, हे सगळ्यांनी अनुभवलं असेल. 'साखर मुळासकट घालवा' असं सांगणाऱ्या व्हिडिओमागे बहुतेक वेळा विकायला ठेवलेली बाटली असते. ऐकलं म्हणून, अनेकजण सांगतात म्हणून मान्य करू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण आपण विहारात ऐकतो. ती फोन हातात असतानाही पाळली पाहिजे. डॉक्टरांना न विचारता साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी बंद करू नका.

लपवणं वेगळं, आपल्याकडे ठेवणं वेगळं

एक गैरसमज इथेच दूर करतो. आम्ही आजार लपवा असं सांगत नाही. लपवण्यात लाज असते, आणि लाजेपायी माणूस दवाखान्यात जात नाही. टीबी हा जंतूंमुळे होणारा आणि औषधाने बरा होणारा आजार आहे. नियमित औषध सुरू झालं की थोड्याच आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप कमी होतो. ताटवाटीने तो पसरत नाही. मनाच्या आजारातही लाजण्यासारखं काही नाही. हे मोठ्याने बोललंच पाहिजे, आणि ज्याला स्वतःहून आपला अनुभव सांगायचा आहे त्याला आम्ही या पानावर सन्मानाने जागा देऊ.

पण ते कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, हे त्या माणसाने ठरवायचं. कायदाही हेच म्हणतो. एचआयव्हीच्या बाबतीतला २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार कुणालाही आपली एचआयव्हीची स्थिती सांगायची सक्ती करता येत नाही, आणि नोकरी देताना तशी तपासणी मागता येत नाही. मानसिक आरोग्याच्या कायद्यातही रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचा हक्क आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार आपल्या उपचाराचे कागद मागितले तर ७२ तासांत मिळायला हवेत. डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्यात संमतीआधीची सूचना इंग्रजीशिवाय आठव्या अनुसूचीतल्या भाषेतही मिळण्याची सोय आहे. म्हणजे मराठीत. उद्या कुणी इंग्रजी मजकुराखाली 'इथे बोट लावा' म्हणालं तर 'मराठीत दाखवा' म्हणायला लाजू नका.

विहारात आम्ही काय ठरवलं

त्या घटनेनंतर आमच्या आरोग्य गटाने चार गोष्टी ठरवल्या. त्या इतर विहारांनाही उपयोगी पडतील असं वाटतं.

एक, मदतीच्या आवाहनात नाव, फोटो, रिपोर्ट, गल्ली काहीही टाकायचं नाही. 'आपल्या एका बांधवाच्या उपचारासाठी' एवढंच. खात्री दोन जबाबदार माणसांनी प्रत्यक्ष जाऊन करायची आणि ग्रुपवर 'खात्री केली आहे' असं लिहायचं.

दोन, रुग्णाला विचारल्याशिवाय काहीच नाही. आईला विचारलं, भावाला विचारलं, हे पुरेसं नाही. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाला स्वतःला विचारायचं.

तीन, जमलेल्या आणि दिलेल्या पैशांचा हिशेब ग्रुपवर पूर्ण द्यायचा. हिशेब पैशांचा असतो, आजाराचा नव्हे.

चार, दुसरीकडून आलेला कुणाचाही रिपोर्ट पुढे पाठवायचा नाही, पुसून टाकायचा. पाठवणाऱ्यालाही तसं सांगायचं, एकट्याला, सगळ्यांसमोर नाही.

पहिल्यांदा नाव न घालता आवाहन केलं तेव्हा धाकधूक होती. नाव नाही, फोटो नाही, मग पैसे कोण देणार? पण आले. आधीपेक्षा थोडे कमी आले, पण गरज भागली. आणि यावेळी त्या बाईंना आपली खोली सोडावी लागली नाही.

त्या आवाहनाला पहिले दोनशे रुपये त्या फाउंड्रीतल्या पोराने पाठवले होते.

जयभीम.